आजोबांचे बिल्ले, पत्रं आणि माळ्यावरची पेटी : महायुद्धातल्या नोकरीचा माग काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणपट्टीतल्या कितीतरी घरांत माळ्यावर एक काळी लोखंडी पेटी असते. तीत दोन-चार मेडलं, पिवळा पडलेला डिस्चार्जचा कागद, एखादा वर्दीतला फोटो. "आजोबा मिसरला होते", "पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" एवढीच माहिती घरात उरलेली असते. त्या पेटीतून पुढे काय काय काढता येतं आणि वस्तू टिकवायच्या कशा, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर १९३९-४५ च्या युद्धावर आहे. १९१४-१८ चं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

पेटी उघडली. पहिलं काम कोणतं?

काहीही बाहेर न काढता पेटीचा आहे तसा फोटो घ्या. कोणता कागद कोणत्या पाकिटात होता, कोणतं मेडल कोणत्या रुमालात बांधलं होतं, हीसुद्धा माहितीच असते आणि पेटी एकदा रिकामी केली की ती परत मिळत नाही. मग एकेक वस्तू काढून तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. एका वहीत वस्तूला क्रमांक द्या आणि तिच्यावर जे लिहिलं आहे ते अक्षरशः उतरवा. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका, कारण सरकारी दप्तरात शोधताना तेच चुकलेलं स्पेलिंग कामी येतं. क्रमांकाची चिठ्ठी वस्तूला चिकटवू नका, सुती दोऱ्याने बांधा किंवा पाकिटावर पेन्सिलीने लिहा.

घरातलं सर्वांत वयस्कर माणूस त्याच दिवशी शेजारी बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. फोटोतल्या माणसांची नावं आत्याला किंवा चुलत आजीलाच ठाऊक असतात.

हे होईपर्यंत वाटणी नको. तीन भाऊ, तीन मेडलं, प्रत्येकाला एक, हा न्याय ऐकायला बरा वाटतो. पण मेडलांचा अर्थ संचातून लागतो. संच फुटला की पुढच्या पिढीत एकेक सुटं मेडल "कुणाचं तरी" म्हणून पडून राहतं.

मेडलांवरून ते कुठे होते हे कळतं का?

बरंच कळतं. दुसऱ्या महायुद्धातले स्टार सहा टोकांचे, पिवळसर धातूचे असतात आणि कोणता स्टार आहे ते मध्यभागी गोलाकार इंग्रजीत कोरलेलं असतं. गोल, चांदीसारखी दिसणारी मेडलं ओळखायला थोडी अवघड, कारण त्यांच्यावर नाव ठळक नसतं. सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असेल तर ते 'वॉर मेडल'. मागे हिंदुस्थानचा नकाशा असेल तर 'इंडिया सर्व्हिस मेडल'.

आता अर्थ. '१९३९-४५ स्टार' साधारणपणे सहा महिने युद्धक्षेत्रात काढलेल्यांना मिळाला. मरण पावलेले, जखमी होऊन परत पाठवलेले यांना मुदतीची अट नव्हती. 'आफ्रिका स्टार'ची मुदत १० जून १९४० ते १२ मे १९४३. त्यात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटाबरोबर इरिट्रिया आणि ॲबिसिनियाही (आजचा इथिओपिया) येतात. त्यामुळे "मिसरला होते" म्हणून सांगितलेले आजोबा इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरातही लढलेले असू शकतात. आफ्रिका स्टारच्या फितीवर '८' हा आकडा असेल तर २३ ऑक्टोबर १९४२ नंतर आठव्या आर्मीत नोकरी झाली. 'इटली स्टार'ची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, मुदत ११ जून १९४३ पासून ८ मे १९४५ पर्यंत. 'बर्मा स्टार'च्या फितीत मध्ये रुंद लाल, दोन्ही बाजूंना निळा आणि निळ्यात नारिंगी रेघ. हा स्टार मिळाला म्हणजे माणूस ब्रह्मदेशात शिरलाच असं समजू नका. ठरलेल्या काळात बंगाल आणि आसाममध्ये असलेल्यांनाही तो मिळालेला आहे. मलाया-सिंगापूरसाठी १५ फेब्रुवारी १९४२ पर्यंत 'पॅसिफिक स्टार' होता.

इराक-इराणमध्ये वर्षानुवर्षं तेलविहिरी आणि रस्ते राखलेल्यांसाठी वेगळा स्टार नव्हता. म्हणून "बगदादला होते" ही आठवण खरी असूनही मेडलांत ती दिसत नाही.

'वॉर मेडल'ला २८ दिवसांची पूर्णवेळ नोकरी पुरत होती. 'इंडिया सर्व्हिस मेडल'ला देशात तीन वर्षांची नोकरी लागत होती. ही दोनच मेडलं निघाली की घरच्यांचा हिरमोड होतो. तो होऊ नये. दारूगोळ्याचे डेपो, खेचरांचे तळ, रिक्रूटांचं प्रशिक्षण आणि आगगाड्यांवरची रसद चालली नसती तर पुढच्या पलटणींना लढताच आलं नसतं.

कागदावर '१९३९-४३ स्टार' लिहिलंय. चूक आहे का?

नाही. युद्ध चालू असताना आधी फिती वाटल्या गेल्या आणि तेव्हा त्या स्टारचं नाव तेच होतं. मेडलं नंतर आली, नाव पुढे वाढवलं गेलं. नुसती फितीची पट्टी सापडली आणि मेडल नाही, हेही याच कारणाने घडतं. नोकरी सुटल्यावर मेडलांचा पाठपुरावा सगळ्यांनी केलाच असं नाही.

मेडलावर नाव नाही. मग ते आजोबांचंच कशावरून?

दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश सैनिकांना नावाशिवायच दिली गेली. हिंदी सैनिकांच्या मेडलांवर कधी क्रमांक-नाव ठोकलेलं आढळतं, कधी नाही. भिंग घेऊन गोल मेडलाचा काठ आणि स्टारची मागची बाजू तिरक्या उजेडात पाहा. नाव नसेल तर डिस्चार्जच्या कागदावरचा मेडलांचा रकाना हाच पुरावा.

पहिल्या महायुद्धाची गोष्ट वेगळी. 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि 'व्हिक्टरी मेडल' यांच्या काठावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. '१९१४-१५ स्टार'च्या मागे असते. 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचं होतं, म्हणून अनेकांचं सोनाराकडे गेलं आणि इंद्रधनुषी फितीचं 'व्हिक्टरी मेडल' तेवढं राहिलं. 'ब्रिटिश वॉर मेडल' ब्राँझचं निघालं तर ते खोटं समजू नका. हमाल, खेचरवाले, कामगार अशा लष्कराबरोबरच्या 'फॉलोअर' लोकांना ब्राँझचं देत असत.

शौर्यपदक असेल तर?

'आयडीएसएम' (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल), 'आयओएम' (इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट), 'मिलिटरी मेडल' किंवा 'मेन्शन्ड इन डिस्पॅचेस'चं, म्हणजे युद्ध-अहवालात नाव आल्याचं, ब्राँझचं ओकपान असेल तर 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्रात नाव छापलेलं असतं आणि ते ऑनलाइन शोधता येतं. शिफारशीचा मजकूर, म्हणजे नेमकं काय केलं ते, लंडनजवळच्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ ३७३' या मालिकेत मिळू शकतो.

नोकरीची अधिकृत माहिती कुठून मागवायची?

इथे एक गोष्ट मनावर घ्या : नावाआधी नंबर. 'गणपत जाधव' नावाचे शिपाई कितीतरी निघतील, पण पलटण आणि सर्व्हिस नंबर मिळून माणूस एकच. हा नंबर डिस्चार्ज सर्टिफिकेट, पे-बुक, पेन्शनचे कागद, मेडलाचा काठ, घरी आलेल्या पत्राचा पत्ता, कधी पितळी भांड्यावर किंवा पेटीच्या झाकणावर रंगवलेला सापडतो. पेटीचं झाकण घासून रंगवण्याआधी पाहून घ्या.

हिंदी लष्करातल्या शिपायांची दप्तरं त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, मेडिकल कोअरचं लखनौला, ऑर्डनन्स (दारूगोळा-साहित्य) आणि ईएमईचं (यंत्रदुरुस्ती) सिकंदराबादला. आपल्याकडचा माणूस म्हणजे मराठा पलटणच, असं गृहीत धरू नका. रसद-वाहतूक, पायोनियर, सॅपर, हॉस्पिटल यांत महाराष्ट्रातले लोक भरपूर होते.

अर्जात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा तेव्हाच्या नावाने, भरतीचं आणि सुटण्याचं अंदाजे साल, तुमचं नातं आणि नात्याचा पुरावा द्या. कागदांच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद कधीही पाठवू नका. "सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. 'शीट रोल'ची (शिपायाच्या नोकरीचा तपशील) प्रत, 'लाँग रोल'मधली (भरती झालेल्यांची नोंदवही) नोंद आणि मिळालेल्या मेडलांची यादी, असं नेमकं मागा. अर्ज कुठे करायचा यातच घोटाळा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. तिथले कर्मचारी बहुधा माजी सैनिकच असतात आणि जुना कागद बघून कोअर ओळखतात.

उत्तरच येत नाही, किंवा "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं येतं. पुढे?

दोन महिने थांबून स्मरणपत्र पाठवा. तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "उपलब्ध नाही" आलं तर आधी आपला नंबर तपासा. जुन्या टंकलेखनात ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत नेहमीची. नंतर पलटण तपासा. युद्धकाळात माणसं एका युनिटमधून दुसरीकडे बदली व्हायची आणि नवा नंबर मिळायचा. अशा वेळी जुन्या रेजिमेंटकडे भरतीची नोंद आणि नव्याकडे बाकीचं दप्तर, अशी फाळणी असते. युद्धापुरत्या उभ्या केलेल्या आणि १९४६-४७ मध्ये मोडलेल्या युनिट्सचा माग सर्वांत कठीण.

नाव आणि गाव सापडत नाही. स्पेलिंग कशी असतात?

भरती करणाऱ्या बाबूने कानाला जे ऐकू आलं ते इंग्रजीत लिहिलं. सावंतचं दोन-तीन तऱ्हांनी, जाधवच्या शेवटी कधी 'व्ही' तर कधी 'ओ', मोरेच्या शेवटी 'ई' किंवा 'आय'. आडनावाऐवजी नुसतं नाव आणि बापाचं नाव असंही असतं. शोधताना आडनावाची पहिली तीन अक्षरंच टाकून पाहा.

जिल्ह्यांचे नकाशे बदललेत. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यात होता. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, औंध, फलटण, मिरज ही संस्थानं होती, त्यामुळे जिल्ह्याच्या जागी 'स्टेट' लिहिलेलं सापडेल. कोल्हापूरच्या संस्थानी फौजेत असलेल्यांची पलटण, राजाराम रायफल्स, पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत १९ वी बटालियन म्हणून विलीन झाली.

शीट रोलमधली आद्याक्षरं कशी वाचायची?

'एमईएफ' म्हणजे मध्यपूर्वेतलं सैन्य, 'सीएमएफ' म्हणजे मध्य भूमध्य क्षेत्र, व्यवहारात इटली. 'पायफोर्स' म्हणजे इराण-इराक. 'सीएक' किंवा 'अल्फसी' दिसलं की आग्नेय आशिया, बहुतेक ब्रह्मदेश. 'टीओएस' म्हणजे युनिटच्या पटावर घेतलं, 'एसओएस' म्हणजे पटावरून कमी केलं. 'एसओएस' वाचून कुणी संकटाची खूण समजू नये. 'एफएस' म्हणजे फील्ड सर्व्हिस. जमादार हा शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका : तो व्हाइसरॉयकडून कमिशन मिळालेल्या हिंदी अधिकाऱ्याचा हुद्दा, आजचा नायब सुभेदार.

एखाद्या दिवशी त्यांच्या पलटणीने काय केलं हे कळेल का?

हो, माणसाचं नाही तरी पलटणीचं कळतं. प्रत्येक युनिट रोजची 'वॉर डायरी' लिहीत असे. पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या क्यूच्या अभिलेखागारात 'डब्ल्यूओ ९५' मध्ये आहेत. दुसऱ्याच्या मध्यपूर्वेसाठी 'डब्ल्यूओ १६९', इटलीसाठी 'डब्ल्यूओ १७०' आणि आग्नेय आशियासाठी 'डब्ल्यूओ १७२'. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळही चाळून पाहा.

त्याआधी बटालियन पक्की करा, कारण एकाच रेजिमेंटच्या पलटणी वेगवेगळ्या खंडांत होत्या. '३/५ मराठा' म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. ती १९४१ मध्ये केरेनला होती आणि १९४४ मध्ये इटलीत. वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी मिळवलेला व्हिक्टोरिया क्रॉस याच बटालियनचा. पहिली बटालियनही इटलीत होती. शिपाई नामदेव जाधव यांचा व्हिक्टोरिया क्रॉस ९ एप्रिल १९४५ चा, सेनिओ नदीकाठचा. दुसरी बटालियन, म्हणजे 'काळी पाचवी', जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा तिथे होती आणि तिचे बहुतेक लोक कैद झाले. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी लढली. नुसतं "मराठा पलटण" एवढ्यावर पुढे गेलात तर दुसऱ्याच्याच आजोबांचा इतिहास हाती लागेल.

ते परत आलेच नाहीत. समाधी किंवा नाव कुठे असेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, नंबर किंवा रेजिमेंट टाकून शोधा. त्यांच्याकडे दुसऱ्या युद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ आणि पहिल्यासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू आहेत. घरी परतून, नोकरी सुटल्यावर जुन्या जखमेने गेलेल्यांचं नाव बहुधा सापडत नाही. नोंदीत अनेकदा वडिलांचं आणि पत्नीचं नाव, गाव, तालुका असतो, त्यावरून खात्री पटते.

हिंदू सैनिकांचं दहन होत असल्यामुळे थडगं शोधत बसू नका, नाव स्मारकाच्या भिंतीवर असतं. मेसोपोटेमियात (आजचा इराक) गेलेल्यांची नावं बसरा स्मारकावर, फ्रान्समध्ये गेलेल्यांची न्यूव्ह शापेलला, ब्रह्मदेशातली यांगूनजवळच्या टाउक्यान इथल्या रंगून स्मारकावर (तिथे सुमारे २७,००० नावं आहेत), मलायातली सिंगापूरच्या क्रांजीला. इटलीत सांग्रो नदीजवळ दहन झालेल्या हिंदी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. यशवंत घाडगे यांचं नाव कासिनो स्मारकावर आहे. पुण्यात खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतही दोन्ही युद्धांची स्मारकं आहेत.

गावात चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल तर तीही पाहा. १९१४-१९ च्या युद्धात या गावातून किती पुरुष गेले आणि किती कामी आले, एवढंच तिच्यावर असतं, नावं नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत अशा खुणा अजून जपल्या आहेत. पाटीला ऑइलपेंट फासण्याआधी स्वच्छ फोटो घेऊन ठेवा, अक्षरं बुजतात.

आजोबा लष्करात नव्हते, बोटीवर होते.

रत्नागिरीकडचे असंख्य खलाशी व्यापारी जहाजांवर होते आणि पाणबुड्यांनी ती बुडवली. त्यांची दप्तरं लष्कराकडे मिळणार नाहीत. घरातलं 'नल्ली', म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, सापडलं तर जहाजांची नावं आणि तारखा त्यातच मिळतात. बुडालेल्या हिंदी खलाशांची स्मारकं मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत. रॉयल इंडियन नेव्हीतले असतील तर चौकशी मुंबईत मानखुर्दला नौदलाच्या खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात करा.

कैदेत होते किंवा आझाद हिंद फौजेत गेले असं ऐकलंय.

दोन्ही एकत्र असू शकतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्यांपैकी हजारो जण आझाद हिंद फौजेत गेले, बाकीचे जपान्यांच्या छावण्यांत राहिले. लष्करी दप्तरात अशा माणसाच्या नावापुढे पगार-मेडल थांबवल्याचे किंवा बडतर्फीचे शेरे असू शकतात. ते वाचून घरात वाद होतात, तयारी ठेवा. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन मिळालं असेल तर त्या अर्जाला जोडलेली प्रतिज्ञापत्रं हा उत्तम स्रोत आहे. जर्मनी-इटलीच्या कैदेसाठी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे कुटुंबीयांना विचारणा करता येते. पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं त्यांनी ऑनलाइन ठेवली आहेत.

पत्रं मोडीत आहेत, काही इंग्रजी अक्षरांत पण इंग्रजी नाहीत.

इंग्रजी अक्षरांतली बहुधा रोमन उर्दू आहेत, लष्करातली तेव्हाची शिकवलेली भाषा. मोठ्याने वाचा, अर्थ लागतो. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख विभागाचे वर्ग केलेले लोक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारता येईल. वाचकाला मूळ पत्र न देता स्कॅन द्या.

पाकीट फेकू नका. शिक्क्यातला फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख मिळून ठिकाण निघतं. पत्रात सेन्सॉरच्या भीतीने ठिकाणाचं नाव सहसा नसतं, त्यामुळे शिक्का हाच पत्ता. हाताएवढं, चकचकीत कागदावरचं बारीक अक्षरांचं पत्र असेल तर ते 'एअरग्राफ' : पत्राचा सूक्ष्म फोटो विमानाने आणून इथे छापलेला. त्याला फोटोसारखंच जपा.

जांभळट अक्षरं का पसरली?

ती कॉपिंग पेन्सिलची आहेत. कोरडी असताना करडी दिसते, ओल लागली की त्यातला रंग जागा होऊन जांभळा फुटतो. म्हणून घडी सरळ करायला ओला रुमाल, वाफ, इस्त्री यांतलं काहीही वापरू नका. कोरडा कागद दोन स्वच्छ टिपकागदांत घालून वर जड पुस्तक ठेवा, आठवडाभरात बऱ्यापैकी सपाट होतो.

फोटोवरून काय ओळखता येतं?

बाहीवरच्या फिती : एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर एक तारा जमादार, दोन सुभेदार, मुकुट म्हणजे सुभेदार मेजर. दंडावरचं डिव्हिजनचं चिन्ह सर्वांत मोलाचं : लाल गरुड म्हणजे चौथी, लाल गोळा पाचवी, सोनेरी बाण सातवी, काळं मांजर सतरावी, खंजीर एकोणिसावी, झुंजता कोंबडा तेविसावी. खांद्यावरची पितळी अक्षरं वाचायला फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करा, छोटे फोटो १२०० ने. मागची बाजूही स्कॅन करा, कैरो किंवा नेपल्सच्या स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

मेडलं चिंचेने किंवा ब्रासोने चकचकीत करू का?

नको. प्रत्येक घासणीबरोबर धातूचा थर जातो, आणि पहिली झिजतात ती काठावरची अक्षरं, म्हणजे नेमका पुरावा. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट सगळं त्यातच आलं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, सुती हातमोजे घालून हाताळा. हिरवा मऊ, मेणचट थर दिसला तर तो बहुधा कातडं किंवा स्वस्त प्लॅस्टिकच्या संगतीने आलेला असतो, बांबूच्या दातकोरणीने हलकेच निघतो. भुसभुशीत हिरवे ठिपके पुन्हापुन्हा येत असतील तर धातू आतून पोखरतोय, ते तज्ज्ञाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात हे टिकवायचं कसं?

भरण्याचा दिवस निवडणं हेच निम्मं काम आहे. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी वस्तू डब्यात भरा. जुलैत भराल तर ओल आतच कोंडाल. झाकणाला रबरी कड असलेला, पॉलिप्रॉपिलीनचा १० लिटरचा डबा घ्या. आत ५० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे नारिंगी दाणे) आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. कागद आणि मेडलांसाठी ४५ ते ५० टक्के चांगलं. मापक ६० च्या वर गेला किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, गार करून परत घाला.

डांबराच्या गोळ्या कागद-फोटोंबरोबर ठेवू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिक आणि फोटोवर बसते. कडुलिंबाचा पाला थेट घातला तर डाग पडतात. लॅमिनेशन तर कधीच नको : उष्णता आणि गोंद कागदात कायमचे मुरतात. सेलोटेप, स्टेपलर, रबरबँड काढून टाका. मात्र टेप निघत नसेल तर ओढू नका.

लोकरी कोट किंवा ब्लँकेटला कसर लागली आहे.

जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर पाणी धरून बटणं गंजतात. मग जाळीचं कापड आडवं धरून व्हॅक्यूमने अळ्या आणि कचरा ओढा. ड्राय-क्लीनला देऊ नका. रक्ताचे, मातीचे डागही जाऊ देऊ नका, तेही वस्तूचाच भाग आहेत. कोट हँगरला न टांगता आडवा ठेवा, खांद्यांत बिनरंगी सुती कापडाचे बोळे भरा.

भिंतीवर फ्रेम करायची आहे.

काचेला वस्तू टेकणार नाही अशी खोल पेटी-फ्रेम करा. मेडलं गोंदाने चिकटवू नका, फितीला दोऱ्याचे टाके घाला. क्रम बघणाऱ्याच्या डावीकडून : १९३९-४५ स्टार, मग आफ्रिका, पॅसिफिक, बर्मा, इटली यांतले असतील ते, नंतर डिफेन्स मेडल, वॉर मेडल आणि शेवटी इंडिया सर्व्हिस मेडल. फीत जीर्ण असेल तर जुनी पाकिटात जपून नवी लावा. रुंदी ३२ मिलिमीटर, प्रत्येकी १५ सेंटिमीटर पुरते. भिंत उन्हाची किंवा बाथरूमला लागून असलेली नको. कागद आणि फोटो फ्रेममध्ये मूळ नकोत, प्रती लावा.

पेटीत काडतुसं, संगीन निघाली.

काडतूस रिकामं आहे की भरलेलं याची खात्री घरी करू नका. हातबॉम्बसारखी वस्तू असेल तर जागची हलवू नका, लोकांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. संगिनीबद्दल स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. "आठवण आहे" हे उत्तर पुढे तपासणीत चालत नाही.

अमेरिकेतल्या किंवा लंडनच्या भावाकडे मेडलं पाठवता येतील का?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. पहिल्या महायुद्धाची मेडलं आता या वयात आलीत, म्हणून बॅगेत टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे विचारा. दुसऱ्या युद्धातल्या पत्रांबाबतही तेच करा. बहुतेक वेळा भावाला मूळ वस्तूची गरज नसते, चांगले स्कॅन आणि शीट रोलची प्रत पुरते.

घरात सांगतात ते आणि कागदावर आहे ते जुळत नाही.

दोन्ही लिहून ठेवा, शेजारी शेजारी, कोणी आणि कधी सांगितलं त्यासह. "गोळी लागली होती" आणि दप्तरात मलेरिया, हे नेहमीचं. दप्तरही निर्दोष नसतं : भरतीसाठी वय वाढवलं जायचं, धाकट्याने थोरल्याच्या नावावर नोकरी केल्याची उदाहरणं आहेत. डिस्चार्जच्या कागदावर उंची आणि शरीरावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. कपाळावरचा व्रण आजीला आठवतो का, ते विचारून पाहा.